डिस्काउंटमधला ऑर्केस्ट्रा

दहा वर्षं स्टुडिओ चालवला की गाण्यांचा साठा होत असेल, असं लोकांना वाटतं. होत नाही. गाणी गिऱ्हाईक पेनड्राइव्हमध्ये घेऊन जातं. मागे उरतात ते किस्से. त्यांना ठेवायला हार्ड डिस्कही लागत नाही, त्यामुळे ते वाढतच जातात.

आमचा स्टुडिओ चिखलीला, स्टँडच्या मागच्या गल्लीत, एका कृषी केंद्राच्या वर. खाली खत, वर संगीत. माणसं तीन. मी रेकॉर्डिंग करतो. विलास कीबोर्ड वाजवतो; सकाळी तो क्लासमध्ये गणित शिकवतो. आणि सुदाम मामा, ढोलकीवाले. मामा आम्हा दोघांपैकी कुणाचेच मामा लागत नाहीत, पण अख्खी चिखली त्यांना मामा म्हणते. हळदीचं गाणं असो, भीमगीत असो, देवीचा गोंधळ असो, ढोलकी मामांचीच.

कुणाला तंबाखूचं व्यसन असतं, विलासला प्लगइनचं आहे. प्लगइन म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बसवायचं वाद्य. कुठंतरी लांब एखाद्या माणसाने खरी बासरी एकेक सूर करून वाजवलेली असते, ती कंपनीने रेकॉर्ड केलेली असते. आपण कीबोर्डची पट्टी दाबली की तो सूर वाजतो. आवाज साफ करणारे प्लगइनही असतात. मूळ किमतीला हे कुणीच घेत नाही. सेल लागतो. सत्तर टक्के सूट, ऐंशी टक्के सूट, आणि खाली उलटं चालणारं घड्याळ. ते घड्याळ दिसलं की विलासला घाम फुटतो.

*

कार्ड माझं. त्यामुळे ओटीपी माझ्या फोनवर येतो.

एकदा मी देऊळगाव राजाकडच्या एका खेड्यात, बायकोच्या चुलत आजोबांच्या दहाव्याला गेलो होतो. पिंड ठेवला होता. अर्धा तास झाला, कावळा झाडावरून हलेना. मंडळी एकेक इच्छा आठवून पाहत होती.

"आबा, नातवाचं लग्न दिवाळीच्या आत लावतो!"

कावळा गप्प.

"आबा, वरच्या वावरात बोअर मारतो!"

कावळ्याने मान फिरवली.

तेवढ्यात विलासचा फोन. "भाऊ, ओटीपी आला का? दोन मिनिटं राह्यले! चाळीस चेलो हायेत!"

चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं व्हायोलिन. मी मान खाली घालून, तोंडावर हात ठेवून, हळूच सहा आकडे सांगितले. सहावा आकडा तोंडातून निघाला आणि कावळा खाली आला. शिवला!

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. थोरले सासरे जवळ आले. "जवाईबापू, काय म्हणलं तुम्ही आबाले?"

अशा ठिकाणी खोटं बोलू नये. मी म्हणालो, "आकडे."

मागच्या महिन्यात त्याच भावकीतून फोन आला. दुसरं कुणीतरी गेलं होतं. "जवाईबापू, दोन तास झाले, कावळा येऊन नाही राह्यला. ते आकडे सांगता का?"

मी म्हणालो, "ते एकदाच चालतात."

*

स्टुडिओसाठी बँकेचं कर्ज काढलं, तेव्हा साहित्याची यादी विलासने लिहिली. मोठा पियानो एक. व्हायोलिन साठ. ट्रम्पेट बारा. चेलो चाळीस.

बँकेचे साहेब तपासणीला आले. दहा बाय बाराची खोली. त्यांनी दाराच्या मागे पाहिलं, गच्चीवर जाऊन आले.

"साठ व्हायोलिन कुठायत?"

विलासने हार्ड डिस्क पुढे केली. साबणाच्या वडीएवढी.

"आणि पियानो?"

"त्याच्यातच हाय साहेब."

साहेबांनी डिस्क हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाले, "वाजवा." विलासने वाजवलं. साठ व्हायोलिनं वाजली, पियानो वाजला. साहेबांनी डोळे मिटले होते. उघडल्यावर त्यांनी मला डिस्क छातीशी धरून उभं केलं आणि फोटो काढला.

फॉर्मवर एक रकाना होता: चोरीचा धोका. त्यात साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, "आहे. पियानो खिशात मावतो."

*

मोठं प्लगइन डाउनलोड करायला चिखलीचं नेट पुरत नाही. विलास डिस्क घेऊन जालन्याला बहिणीकडे जातो, दोन दिवस तिथं राहून डाउनलोड करतो आणि एसटीने परत येतो. डिस्क मांडीवर, रुमालात गुंडाळून.

एकदा कंडक्टरने विचारलं, "काय हाय त्याच्यात?"

विलास दोन दिवसांच्या कष्टाने फुलून गेला होता. "गाणारे लोक हायेत. पंचावन्न!"

कंडक्टर तिकिटाचं मशीन हातात धरून थांबला.

"न् तिकीट एकच काढलं?"

*

प्लगइन दोनच कॉम्प्युटरवर चालतं. तिसऱ्यावर घालायचं तर आधी जुन्या कॉम्प्युटरवरून काढावं लागतं. त्यासाठी त्या कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं. काम दहा सेकंदांचं.

आमचा जुना कॉम्प्युटर आम्ही बीबी गावच्या एका माणसाला विकला होता. मी आणि विलास मोटरसायकलवर बीबीला गेलो. त्या माणसाने ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र काढलं होतं. पीक विम्याचे शेवटचे दिवस. केंद्राच्या दारापासून रसवंतीपर्यंत रांग.

विलास थेट पुढे गेला. "दादा, हा कॉम्प्युटर आमचाच होता."

रांगेतला एकजण म्हणाला, "हे वावर बी माह्या आज्याचं होतं. मांगं व्हा."

आम्ही मागे झालो. आधी सर्व्हर बंद पडला, मग लाइट गेली, मग केंद्रवाला जेवायला गेला. रांगेतले लोक आम्हाला गट नंबर विचारत होते, पेरा काय घेतला विचारत होते. तिसऱ्या तासाला विलास म्हणायला लागला, "सोयाबीन."

नंबर लागला. केंद्रवाल्याने मान वर न करता हात पुढे केला. "आधार. सातबारा. पासबुक."

विलास कळवळून म्हणाला, "दादा, मले फक्त एक बटन दाबायचं हाय!"

केंद्रवाला म्हणाला, "सगळ्यायले एकच बटन दाबायचं असते."

*

फुकट वापरून पाहायचं प्लगइनही मिळतं. पण पैसे भरेपर्यंत ते दर मिनिटाला दोन सेकंद आपोआप गप्प होतं. सगळं गाणंच थांबतं, मग पुन्हा सुरू होतं.

एका हळदीच्या गाण्यात ते काढायचं राहून गेलं. गाणं गेलं, हळद झाली, दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या भावाचा फोन. "ते गाणं मधामधात थांबते."

मी माफी मागितली. आजच नीट करून पाठवतो म्हणालो.

"नका करू! गाणं थांबलं का सगळी पोरं पुतळ्यावानी उभी राह्यतात. आमची बुढी तर हळदीचा हात वर करून उभी होती! वरातीले बी तेच लावणार हावो."

त्या सीझनला चार जण आले. सगळ्यांना 'ते थांबणारं' पाहिजे होतं. पण तोवर विलासने सेलमध्ये पैसे भरून टाकले होते आणि गाणं थांबायचं थांबलं होतं. विलास आता दर मिनिटाला दोन सेकंद हाताने कापून देतो.

*

नगरपालिकेच्या निवडणुकीत एक उमेदवार आले. प्रचाराचं गाणं स्वतःच गाणार म्हणाले. गायले. गाताना शेजारच्या घरातल्या कुकरच्या तीन शिट्ट्या रेकॉर्ड झाल्या.

विलासने त्याच आठवड्यात नको असलेला आवाज ओळखून पुसून टाकणारं प्लगइन घेतलं होतं. त्याने मोठ्या ऐटीत बटण दाबलं. आम्ही ऐकलं. उमेदवार साहेब गाण्यातून पूर्ण पुसले गेले होते. शिट्ट्या तिन्ही शाबूत.

मामा कोपऱ्यात ढोलकीची दोरी ओढत बसले होते. म्हणाले, "मशीनचं काई चुकलं नाही. सुरात तेवढंच होतं."

काचेपलीकडून साहेबांनी विचारलं, "काय म्हणून राह्यले मामा?"

विलास म्हणाला, "मशीनले तुमचा आवाज झेपला नाही म्हणतात साहेब."

साहेब खूश झाले. "नाहीच झेपत! सभेतबी मले माइक लागत नाही."

*

आता मामांचाच किस्सा सांगतो.

विलासकडे ढोलकीचं एक प्लगइन होतं. पंच्याहत्तर टक्के सवलतीत घेतलेलं. घेतलं आणि दोन वर्षं उघडलंच नाही. मामा समोर बसलेले असताना ते उघडायची आमची हिंमत नव्हती. मामांचं घर त्या ढोलकीवरच चाललेलं.

एका मार्चमध्ये मामा लुनावरून पडले. उजव्या हाताला प्लास्टर, खांद्यापर्यंत. जयंती तोंडावर आलेली आणि तीन भीमगीतांची कामं हातात. मी मामांना फोन केला. मामा म्हणाले, "दुसऱ्या कोणाले बोलवा. काम नका थांबवू." बोलले नीट, पण फोन मात्र पटकन ठेवला.

चांगला माणूस रिकामा नव्हता. शेवटी विलासने ते प्लगइन बसवलं. वाजलं छान. फारच छान वाजलं, म्हणून आम्ही दोघं एकमेकांशी बोलेना.

दुपारी चारला दार उघडलं आणि मामा आत. हात गळ्यात बांधलेला. जिना चढून दमले होते. "घरी करमत नाही," म्हणाले. स्पीकर चालूच होता.

मामा उभ्या उभ्या ऐकत राहिले. मग विचारलं, "कोण हाय हा?"

मी म्हणालो, "मामा, माणूस नाही. कॉम्प्युटर हाय."

"कॉम्प्युटरले हात कुठून आले बे? कोणंतरी वाजवलं असंनच ना पह्यले!"

तेही खरंच होतं. विलासने खुर्ची दिली. मामांनी डाव्या हाताने हेडफोन चढवला आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. तीनदा ऐकलं. आम्ही चोरी सापडल्यासारखे उभे होतो.

हेडफोन काढून मामा म्हणाले, "उजवा हात झकास हाय. पण याच्या डाव्या अंगठ्याले लागेल हाय."

"काय?"

"डावी पुडी दाबताना अंगठा टेकवून नाही राह्यला. वाचवून राह्यला अंगठा. दुखते त्याले."

पुडी म्हणजे ढोलकीचं कातड्याने मढवलेलं तोंड. विलासला ते लागलं. कंपनी परदेशी, जगभर लोक वापरतात, आजवर कुणी काही म्हटलेलं नाही, असं त्याने ऐकवलं.

"म्हणले नसतीन," मामा म्हणाले. "तू इचार."

विलासला तसंही कंपनीला मेल करायचाच होता, प्लगइन मध्येच बंद पडत होतं म्हणून. त्याने ती तक्रार लिहिली आणि खाली, मामांना दाखवायला म्हणून, एक ओळ वाढवली: आमच्याकडचे एक जुने ढोलकीवाले म्हणतात की वाजवणाऱ्याच्या डाव्या अंगठ्याला लागलेलं होतं, हे खरं आहे का?

आठ दिवसांनी उत्तर आलं. प्लगइन काढा, पुन्हा बसवा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा. हे नेहमीचंच. खाली मात्र मोठा परिच्छेद होता. मामा समोरच बसले होते. मी मराठीत सांगत गेलो. तुमचा प्रश्न वाचून आम्ही त्या वादकाला फोन केला. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी त्याचा डावा अंगठा गाडीच्या दारात सापडला होता. रेकॉर्डिंगच्या वेळी त्याने आम्हाला कळू दिलं नाही. कळलं असतं तर आपल्याऐवजी दुसऱ्याला बोलावलं असतं, असं त्याला वाटलं. हे ओळखलं कुणी, असं तो विचारतो आहे.

मी वाचून थांबलो. खाली कुणीतरी युरियाची गोणी उतरवत होतं, तिचा धप्प आवाज आला.

विलास म्हणाला, "मामा, काय लिहू त्याले?"

मामा स्क्रीनकडे पाहत होते. तिथं ढोलकीच्या दोन पट्ट्या असतात, एक उजव्या हाताची, एक डाव्या हाताची.

"विलास, हे दोन हात येगळे येगळे हायेत का?"

"हो मामा."

मामांनी पायाने आपली ढोलकी जवळ ओढली, मांडीखाली आडवी धरली आणि प्लास्टरचा हात बाजूला सारला.

"मंग त्याचा डावा बंद कर. आराम पडू दे त्याले. डावा मी वाजवतो."