सुनेने काढलेला कानांचा आलेख

१४ नोव्हेंबर, गुरुवार. दूध दोन लिटर. खिडकीच्या काचा पुसल्या. सून पुन्हा पुटपुटली. रविवारी लेकीकडे जाणार, कायमची. बॅग भरून ठेवली.

एवढं लिहून सासूबाईंनी पेनाला टोपण लावलं. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी लावलेली सवय सत्तर वर्षं टिकली होती: घडलं किंवा ठरलं तेवढंच लिहायचं, आणि लिहिलेलं खोडायचं नाही, चूक सापडली तर खाली दुरुस्ती लिहायची. आणि घडत होतं ते असं. मुलगा आतल्या खोलीतून बोलला तरी त्यांना शब्दन्‌शब्द कळे. सून शेजारी बसून बोलली तरी नुसती कुजबुज. यजमान गेल्यापासूनची सहा वर्षं सून आपल्याला मोजतच नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

सुनेच्या मनाने बरोबर उलटं घेतलं होतं. "लेकाचं बरं ऐकू येतं आईंना!" ती नवऱ्याला म्हणायची. "मी तोंड उघडलं की कानांत बोळे."

ती तंत्रशाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती. वर्षानुवर्षं मुलांना एकच प्रयोग मांडून द्यायची: नखाएवढे दोन तुकडे, एक रेझिस्टन्स, एक कपॅसिटर. एकीकडून जाड-बारीक सूर सोडायचे, दुसरीकडे किती उरतात ते मोजायचं. जाड सूर सरळ पार होतात. बारीक होत गेले की सर्किट त्यांना गिळू लागतं. याला म्हणायचं फिल्टर.

शुक्रवारी ती कामावरून आली, तर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या फुंकत होता आणि सासूबाई त्याच्याच शेजारी शांतपणे बटाटे सोलत होत्या. सून दारातच थबकली. शिट्टीवर कुणी रुसत नाही.

शनिवारी तिने शाळेतल्या सरांना विचारून सूर काढणारं यंत्र, हेडफोन आणि फिल्टरच्या प्रयोगाचं सगळं सामान घरी आणलं.

"हे काय, माझी परीक्षा?"

"हो आई. सूर ऐकू आला की बोट वर. कॉपी चालणार नाही."

जाड सुरांना बोट पटापट वर गेलं. सूर बारीक होत यंत्रावरचा हजाराचा आकडा ओलांडला आणि ते रेंगाळू लागलं. सहा हजाराला हेडफोनमधून सांडणारा सूर समोर बसलेल्या सुनेला टोचत होता. बोट मांडीवरच होतं.

सुनेने आकड्यांचा आलेख काढला. मग पर्समधून प्रयोगशाळेतला, फिल्टरचा आलेख काढून दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. सपाट, सपाट, मग उतार.

"आई, ह्यांचा आवाज जाड, तो इथे सपाटीवर. माझा किनरा. माझे स, श, च या उतारावरून घरंगळतात."

"म्हणजे तू पुटपुटत नव्हतीस?"

"कोकलत होते!"

सासूबाई कागदांकडे बघतच राहिल्या. नखाएवढे दोन तुकडे आणि देवाने घडवलेला कान एकाच वाटेने खाली उतरत होते. सहा वर्षांचा सल त्या एका रेघेत मावला होता.

सुनेने त्या दोन तुकड्यांच्या जागांची अदलाबदल केली. आता जाड सूर अडत होते, बारीक सुटत होते. जोडीला छोटा अँप्लिफायर आणि माइक लावून तिने हेडफोन पुन्हा सासूबाईंच्या डोक्यावर चढवला आणि खिडकी उघडली.

सासूबाई दचकल्या. "कोण गं हे एवढं भांडतंय?"

"चिमण्या, आई. समोरच्या झाडात. रोजच्याच."

त्या उठल्या आणि कपाटातून गेल्या सहा वर्षांच्या डायऱ्या काढल्या. पान सापडलं: 'यंदा चिमण्या आल्या नाहीत.' पुढच्या वर्षीही तेच. त्याच्या पुढच्याही. कान देऊन ऐकत ऐकत त्यांनी प्रत्येक ओळीखाली लिहिलं: 'दुरुस्ती. आल्या होत्या.' कागदावर पेन खरखरत होतं. तेही त्या विसरल्या होत्या.

संध्याकाळी आजचं पान भरलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार. सोमवारी कानांच्या डॉक्टरांकडे, सुनेबरोबर. दूध दोन लिटर. बॅग रिकामी करून माळ्यावर ठेवली.