भावजींचं उघडं गॅरेज

कबुतरांशी इतके उन्हाळे लढून एकदाच जिंकलेला, आणि तेही कसा जिंकला हे शेवटपर्यंत न कळलेला माणूस अख्ख्या बडोद्यात एकच झाला. ते म्हणजे आमचे भिंतीपलीकडचे भावजी.

भावजी नात्याने आमचे कोणी नव्हेत. निजामपुऱ्यात शेजारी राहायला आले त्या दिवशी त्यांनी मला वहिनी म्हटलं, मी त्यांना भावजी म्हटलं आणि मधल्या भिंतीवरून विरजणाच्या वाट्या जायला लागल्या. त्यांची सगळी हयात रिफायनरीच्या सेफ्टी खात्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, सेफ्टी सुटली नाही. कामवाली जळमटं काढायला स्टुलावर चढली की हे स्टूल धरून उभे, आणि ती उतरेपर्यंत घरात फोडणी करायला बंदी. त्यांच्या बायकोला मी ताई म्हणायची. त्या सांगत, लग्नात अंतरपाट धरला तेव्हा ह्यांनी शेजारच्या मामांना आधी मांडवाचं मागचं दार कुठे आहे ते विचारलं होतं.

अशा माणसाचं गॅरेज मात्र सताड उघडं. तीन भिंती, वर स्लॅब, पुढे काही नाही. बडोद्याच्या बेचाळीस डिग्रीत पेट्रोलची गाडी बंद जागेत ठेवली तर वाफ धरते, म्हणून शटर नको. जाळीही नको, आग लागली तर बाहेर पडणार कुठून? आत एक पांढरी गाडी, जी महिन्यातून एकदा ताईंच्या बहिणीकडे गावातल्या गावात अकोट्याला जाऊन येई, आणि एक वेताची खुर्ची. नऊ ते बारा भावजी त्या खुर्चीत. कुरियरवाला, भाजीवाली, दवाखान्यातून परतणारी म्हातारी माणसं, कोणालाही हटकल्याशिवाय पुढे सोडत नसत. चैत्र लागला की ती गार सावली कबुतरांनाही आवडे. ट्यूबलाइटच्या पट्टीवर ओळीने बसायची आणि खाली गाडीवर शिंतोडे. म्हणून भावजी पिवळं हेल्मेट घालून बसत. नवीन माणसाला वाटे, इथे बांधकाम चाललंय.

उपाय त्यांनी एक सोडला नाही. प्लास्टिकचं घुबड आणलं, तर दुसऱ्या दिवशी एक मैना त्याच्या डोक्यावर बसून पंख साफ करत होती. रबरी साप टांगला, भाजीवाली आठ दिवस गल्लीत फिरकली नाही. मिरचीची धुरी केली, कबुतरं सोडून सगळी गल्ली शिंकली. त्यांच्या जुन्या युनिफॉर्मचं बुजगावणं करायची कल्पना मात्र माझी. तेव्हा मी अवघी अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायची होती. शाळेतून नुकती निवृत्त झालेली, जगाला शहाणं करायला मोकळी, आणि चष्म्याने म्हातारी दिसते म्हणून तो पर्समध्ये ठेवणारी. त्या बुजगावण्याशी मी पाण्याच्या टाकीबद्दल चांगली पाच मिनिटं भांडले. भावजी मागे झारी घेऊन उभे. म्हणाले, "चालू द्या वहिनी, तो माझ्यापेक्षा जास्त ऐकून घेतोय."

त्याच वर्षी त्यांचा मुलगा पुण्याहून आला. गाडीचा गेलेला रंग बघून त्याने बजावलं, अक्षय्यतृतीयेला परत येतोय, तेव्हा गॅरेजमध्ये एक जरी पीस दिसलं तरी शटर बसवणार. आणि हा मुलगा बापावरच गेलेला, बोलला म्हणजे करणार. भावजींनी शेवटचं अस्त्र काढलं. उत्तरायणात, म्हणजे इथल्या संक्रांतीत उरलेले, पाणीगेटच्या बाजारातून आणलेले चकचकीत पतंग, मांजा सोडवून, साध्या सुतळीने स्लॅबला टांगले. कबुतरं वारा खात त्यांच्यात बसली.

एके सकाळी मी भिंतीपाशी उभी होते. भावजी हेल्मेट काढून हातात धरून आले. इतक्या वर्षांत त्यांचं टक्कल मी प्रथमच नीट पाहिलं.

"शटर बसलं की मी आत आणि गल्ली बाहेर, वहिनी," ते म्हणाले. "मग टीव्ही बघत बसायचं. झालं."

माझ्या मुठीत तेव्हा ज्वारी होती. ती मी पाठीमागे नेली.

सांगून टाकते. समोरच्या बेन म्हणाल्या होत्या, "पंखीने चण नाखो, बधुं सारुं थशे." पाखरांना दाणे टाका, सगळं चांगलं होईल. तेव्हापासून रोज अंघोळ झाली की दोन मुठी ज्वारी मी त्याच भिंतीवर टाकायची. कबुतरं तिथे जेवायची आणि वामकुक्षीला पलीकडे जायची. पुण्य माझ्या पदरात, शिंतोडे भावजींच्या गाडीवर. हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण शहाण्या बाईला आपल्या पुण्याच्या मागे काय पडतंय ते बघायची सवय नसते.

त्या दिवसापासून ज्वारी आमच्या मागच्या अंगणात गेली. आठवड्याभरात कबुतरंही तिकडे गेली आणि माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर राज्य करू लागली. अक्षय्यतृतीयेला मुलाने गॅरेजचे कानेकोपरे पाहिले, काही सापडलं नाही. शटर टळलं. भावजी गल्लीभर पतंगांची महती सांगत हिंडले. माझ्या साड्यांची दशा पाहून तर स्वतः हेल्मेट घालून आले आणि आमच्या मागच्या अंगणात बारा पतंग टांगून गेले. एकही कबुतर हललं नाही. भावजींनी बराच वेळ वर बघितलं. "तुमच्याकडची जरा अशिक्षित दिसतात, वहिनी."

खरं सांगितलं असतं तर त्यांचा विजय गेला असता, असं मी स्वतःला सांगायची. खरं म्हणजे माझी अब्रू गेली असती.

भावजींना जाऊन आता तीन वर्षं झाली. ताईंना मुलाने पुण्याला नेलं, गाडी विकली, शटर बसवलं. किल्ली माझ्याकडे असते. उन्हाळा लागला की नऊ वाजता मी शटर वर करते, नाहीतर वाफ धरते. आत गाडी नाही, पेट्रोल नाही, तरी धरते. मग खुर्चीत बसते, येणाऱ्या-जाणाऱ्याला हटकते. खिळ्यावरचं हेल्मेट घालते, चष्माही लावते. ज्वारी पुन्हा भिंतीवर टाकते, त्यामुळे ट्यूबलाइटवर मंडळी हजर असतात.

परवा गल्लीत कोणी नव्हतं. मी मोठ्याने सांगून टाकलं, "भावजी, ती ज्वारी माझी होती."

वरून उत्तर आलं. टप्पकन, बरोबर हेल्मेटवर.