निशोनदादा कढईपाशी मोठ्यानं बोलले

नव्या वर्षाचा बेत माणसानं मनात धरावा, चारचौघांत बोलू नये. कोकंद शहरातल्या आमच्या मोहल्ल्यात हे शेंबडं पोरही जाणतं. नवरोजला गव्हाच्या मोडांचं सुमालक शिजत असलं की जो तो कढईत पळी फिरवतो आणि इच्छा ओठांच्या आतच ठेवतो. निशोनदादा मात्र मोठ्यानं बोलले.

"नवी अक्षरं शिकणार! लोबारचे निरोप स्वतः वाचेन, उत्तरही स्वतः लिहीन. पुढच्या नवरोजच्या आत!"

कढईभोवतीच्या बायका फिदीफिदी हसल्या. "आधी लाकडं फोडा दादा," भट्टीवाली रोबियाताई म्हणाली, "अक्षरांवर सुमालक शिजत नाही."

दादा काही अडाणी नव्हेत. उभा जन्म त्यांनी चहाखान्यात वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. पण सरकारनं लिपी बदलली आणि म्हातारा घरबसल्या निरक्षर झाला. तेही त्यांनी पचवलं असतं. पण लेक कामासाठी इस्तंबूलला गेली, नात लोबारला घेऊन. पोरगी फोनवर मुखदुर्बळ, लिहिते मात्र भरभरून, आणि तेही नव्या अक्षरांत. मग दादा फोन घेऊन रोबियाताईच्या भट्टीवर जायचे. ताई नान शेकत शेकत सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं वाचायची, वर पदरचा मसाला घालायची. "आजोबा, रोबियाताईकडून रोज दोन नान जास्त घेत जा, असं लिहिलंय हो पोरीनं!"

हा मसाला दादांना नको होता. त्यांना नुसती पोरगी हवी होती.

लोबारचं मागे राहिलेलं पहिलीचं पुस्तक घेऊन ते ओट्यावर बसू लागले. काही अक्षरं दिसायला जुनीच, पण उच्चार वेगळा; घर तेच आणि आत भाडेकरू दुसरा! जीभ जुन्याच भाडेकरूला हाक मारायची. येणारा-जाणारा विचारायचा, "काय दादा, यंदा पास का?" न्हाव्यानं तर अर्धी दाढी करून पाटी वाचायला लावली. दादा चुकले तेव्हा म्हणाला, "आता उरलेली पुढच्या वर्षी."

तरी म्हातारा हटला नाही. पानगळीपर्यंत दुकानांच्या पाट्या येऊ लागल्या. लोबारचे निरोप मात्र आखूड होत चालले होते. रोबियाताई ते वाचायची, "आजोबा, तुमची कबुतरं कशी आहेत?" दादांना तेवढंही पुरायचं.

नवरोज आला. पुन्हा कढई चढली. दुपारी लोबारचा निरोप आला तसे दादा फोन उंच धरून उभे राहिले. "आज कुणी वाचायचं नाही. मी वाचणार."

दादा एकेक अक्षर बोटानं धरत वाचत गेले. एकही चुकलं नाही. न्हावी टाळ्या वाजवणार इतक्यात त्यानं दादांचा चेहरा पाहिला.

दादांनी परत वाचलं. मग तिसऱ्यांदा. आवाज सगळे जागेवर होते. अधूनमधून एखादा शब्द ओळखीचा लागे, पण बाकीचं काही केल्या उमगेना.

"रोबिया," ते हळूच म्हणाले, "ही कसली भाषा?"

"तिकडची, दादा. तुर्की." ताईनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. "शाळा तिकडे, मैत्रिणी तिकडच्या. पानगळीपासून असंच लिहिते पोरगी."

"आणि कबुतरं?"

ताईनं ते लाकूड उचलून आगीत सारलं. "माझाच मसाला, दादा."

"माझी अक्षरं तर बरोबर आली ना गं?"

"आली हो. सगळी आली."

"मग आता उत्तर कशात लिहू?"

सुमालक चिकटू नये म्हणून तळाशी घातलेले खडे वाजायचे थांबले होते, करपल्याचा वास येऊ लागला होता. "दादा, खाली लागतंय," ताई घाईनं म्हणाली, "धरा पळी."

दादांनी फोन खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी पळी धरली. खडे पुन्हा खुळखुळू लागले. यंदा काय मागितलं, हे न्हाव्यानंसुद्धा विचारलं नाही.