घड्याळजींच्या नावावरची झोप

"आजोबा, खरं सांगा. रात्रभर कुठं हिंडत असता?" झोपबाईंनी विचारलं.

"मी कशाला हिंडू? ओंडक्यासारखा पडून असतो. झोप तेवढी येत नाही."

"मग हे घड्याळ खोटं बोलतंय होय? यात तुम्ही धड पाठ टेकलेलीच दिसत नाही."

आजोबांनी मान खाली घातली. आत चहा गाळणाऱ्या आजींचा हात थांबला, तेवढं मात्र झोपबाईंच्या कानानं टिपलं.

झोपबाई मूळच्या कॅन्सरच्या वॉर्डातल्या नर्स. ऐन साखरझोपेत पेशंटला हलवून काखेत थर्मामीटर खुपसायचा, हे त्यांचं काम. एकदा एक म्हातारी म्हणाली, "बाई, ताप काय पळून चाललाय? सकाळी बघ की." ते बाईंच्या डोक्यात असं रुतलं, की पुढं त्यांनी त्यावरच संशोधन मांडलं : कॅन्सर झालेल्या म्हाताऱ्या माणसांची झोप जाते कुठं आणि ती परत कशी आणायची. लोकांच्या झोपेपायी हिनं स्वतःची मोडली आणि माझीही, असं त्यांचा नवरा सांगत फिरायचा. त्यात खोटं नव्हतं. मीटिंगमध्ये बाई बसल्या जागी पेंगत आणि कुणी हटकलं तर अभ्यास चाललाय म्हणत.

त्यांचं हत्यार म्हणजे मनगटी पट्टा. माणूस किती हलला, किती निजला, ते तो टिपून ठेवी. दवाखान्यातल्या माणसाशिवाय कुणाला निघू नये अशी त्याची कडी. पण आजोबांचा उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला. ज्याला काटे नाहीत नि चावी नाही, त्याला घड्याळ म्हणणाऱ्या बाईंची त्यांनी पहिल्याच दिवशी कीव केली होती.

बाईंनी चहाचा कप हातात घेतला आणि कामाचं सांगितलं. डॉक्टर आज पट्ट्यातून निघालेला झोपेचा आलेख बघणार आणि झोपेची जोरदार गोळी सुरू करणार.

आजोबांचा चेहरा पडला. मागं असलीच गोळी घेऊन ते पहाटे उठले होते, आणि तारेतच बेसिनवर आदळून समोरचे दात घालवून बसले होते. त्या गोळीपुढं त्यांना केमो बरा वाटे.

"पट्टा माझ्या हातावर नव्हताच," ते पुटपुटले.

"मग कुणाच्या?"

"हिच्या. चिमट्यानं कडी उघडली. हिला सांगितलं, डॉक्टरांनी रात्री तुला घालायला सांगितलंय. ही घोरते तेव्हा भांडी वाजतात हो. म्हटलं, हिची झोप माझ्या नावावर जाऊ दे."

बाईंनी आलेखाकडं पाहिलं, मग आजींकडं. आजी पदराशी चाळा करत उभ्या.

"आजी, मग घोरत कोण होतं?"

"मीच. घोरत होते. झोपले होते असं कुठं म्हटलं?"

आजींनी मग सगळंच सांगून टाकलं. घोरणं थांबलं की हे विचारणार, जागी का, काय होतंय. म्हणून घोरत पडायचं. यांना डोळा लागला की उठायचं, यांच्या नाकाखाली बोट धरायचं, श्वास चाललाय ना बघायचं आणि परत येऊन पडायचं.

"मला डोळा लागला?" आजोबा भडकले. आजारपणाची थट्टा केल्यासारखं त्यांना वाटलं. "माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही."

"मग बोट धरते ते कळतं का कधी?"

आजोबांना काही आठवेना. त्यांनी चहात तोंड घातलं.

बाईंनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. आलेख आजोबांचा नाही, आजींचा आहे, नवीन येईपर्यंत गोळी थांबवा, एवढंच त्या बोलल्या. मग ही गोळी आजींना द्यायची का, असं पलीकडून आलं. ते आजींना ऐकू गेलं.

"नको," त्या म्हणाल्या. "माझे दात आहेत अजून."

आजोबाही हसले, तोंडावर हात ठेवून.

बाईंनी पट्टा आजोबांच्या मनगटावर आवळला. मग पिशवीतून दुसरा काढला. पेशंटशेजारी निजणाऱ्या माणसाची झोप मोजायचं त्यांच्या संशोधनात कुठंच नव्हतं. यासाठी वरचे साहेब डोळे वटारतील, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

"आजी, हात करा पुढं. आणि आजोबा, तो चिमटा इकडं द्या."

चिमटा पिशवीत टाकून बाई निघाल्या. पुढच्या घरी पेशंट म्हणजे जुने शिंपीकाका. त्यांनी खुर्ची पुढं केली. बाई बसल्या नाहीत.

"काका, आधी मनगट दाखवा," त्या म्हणाल्या. "आणि काकूंनाही बोलवा."