क्लचबाईंच्या गाडीचा काळा रंग

…तर गाडी शिकायला आलेल्या नर्सबाई क्लचबाईंच्या गाडीच्या बंपरला टेकल्या, इथपर्यंत काल आलो होतो. टेकल्या आणि उठल्या, तर पांढऱ्याशुभ्र गणवेशावर मागे तळहाताएवढा काळा डाग! ही करामत क्लचबाईंच्या धाकट्या भावाची. गाडी जुनी. बंपर आणि दारांवरच्या काळ्या पट्ट्या उन्हाने राखेसारख्या पडलेल्या, पुढच्या दिव्यांना जणू मोतीबिंदू. भावाने त्यावर बुटाचं काळं पॉलिश फासलं आणि हात झटकून मोकळा झाला.

क्लचबाई म्हणजे ड्रायव्हिंग क्लासच्या बाई. खरं नाव आता त्यांच्या नवऱ्यालाही आठवून सांगावं लागतं. "क्लच! अहो, क्लच दाबा!" अशी आरोळी आली की गल्लीतले लोक निमूटपणे फुटपाथवर चढायचे. अर्धं गाव त्या एकाच गाडीवर शिकलं. स्वतः भाऊसुद्धा.

"बास झालं, ताई," डाग पाहून भाऊच उलटा चिडला. "सोमवारी क्लाससाठी नवी गाडी येतेय. ही म्हातारी भंगारात द्यायची."

"म्हातारी तर मीही झाले. मलाही टाकतोस का तिच्या डिकीत?"

भावाचं तोंड एवढंसं झालं. शेवटी ठरलं असं: सोमवारी दोन्ही गाड्या उभ्या करायच्या. नर्सबाई आपणहून जुनीत बसल्या, तर ती राहील. नाहीतर भंगार. जिचा गणवेश खराब झाला तीच पंच, म्हणून भाऊ गालातल्या गालात हसत घरी गेला.

रविवारी बाईंनी बाह्या सरसावल्या. साबण आणि ब्रश घेऊन सगळं पॉलिश खरवडून काढलं. खाली पुन्हा तीच राख! बाईंना रडूच कोसळायचं बाकी. रागारागाने त्यांनी बादलीतलं उरलेलं पाणी बंपरवर भिरकावलं, तर बंपर काळाभोर! वाळला, की पुन्हा राख.

नवरा शिंपी. दुकानाच्या दारात काज करत बसला होता. "अगं, भिजल्यावर काळा दिसतोय म्हणजे रंग गेलेला नाही, वरची कातडी तेवढी सुकलीय. जुन्या कोटाला मी वाफ देतो ना? तसा हिला शेक दे."

"वितळेल की!"

"थांबलीस तर वितळेल. इस्त्री फिरती ठेवायची, बाकी काही नाही."

शेजारच्या वायरमनकडून हीट गन आणली. केस वाळवायच्या यंत्राची दांडगी बहीणच ती. पत्र्याच्या रंगावर कागदी टेप चिकटवली आणि आधी बंपरच्या खालच्या, कुणाला न दिसणाऱ्या बाजूला गरम हवा धरली. राखेतून काळा रंग असा वर आला, की बाई हात थांबवून बघतच राहिल्या. झालं! तिथे टपकन फोड.

"क्लच!" शिंपी ओरडला. आयुष्यात पहिल्यांदाच बायकोवर, आणि तोही तिच्याच शब्दात.

बाई इतक्या हसल्या, की हीट गन बंद करावी लागली. मग मात्र हात थांबला नाही. बंपर झाला, पट्ट्या झाल्या, आरशांच्या मागची टोपणं झाली. दिवे पाणी मारत आधी खरखरीत, मग मऊ पॉलिश पेपरने घासले आणि वर पारदर्शक लेप दिला. गाडीला लांबचं दिसू लागलं!

सोमवारी भावाने नवी गाडी मुद्दाम जुनीच्या पुढ्यात, फाटकात आडवी लावली. नर्सबाई आल्या. नवीकडे बघितलं, जुनीकडे बघितलं. पर्समधून पांढरा रुमाल काढून जुनीच्या बंपरवर खसाखसा घासला. रुमाल उलटासुलटा केला. पांढरा! मग पाठ करून बंपरला चांगल्या रेलून उभ्या राहिल्या आणि वळून शिंप्याला विचारलं, "काका, आहे का काही?"

"धाग्यालासुद्धा नाही."

नर्सबाईंनी सरळ जुनीचं दार उघडलं. "नवी कुठे ठोकली तर मला रात्रभर झोप नाही यायची. ही समजून घेईल. चला, बाई."

भाऊ बंपरवर बोट फिरवत बसला. बोट स्वच्छ. धावत फाटकातली गाडी हलवायला गेला, तर ती दोन गचके खाऊन बंद पडली. खिडकीतून मान काढून तो ओरडला, "ताई, रंग कुठला लावलास ते तरी सांग!"

क्लचबाई म्हणाल्या, "रंग तिचाच आहे रे, मी फक्त शेकून वर काढला. आता तुझी नवी नवरी माझ्या वाटेतून हलव, आणि मेल्या, क्लच पूर्ण दाब!"