मॅडमांचा थर्मास

आई दुसऱ्यांच्या उसात भांगलायला, तण काढायला जायची. पाळी बंद होऊन वर्षं लोटल्यावर तिला पुन्हा अंगावरून लाल जाऊ लागलं, तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "कंबर दुखतीया." शिराळ्याहून सांगलीला नेलं तेव्हा गर्भाशयाचा कॅन्सर पसरला होता, उशीर झाला होता... पुढं मी घरातली पहिली पदवीधर झाले, डॉक्टर झाले. पण ते कंबर दुखणं माझ्या पोटात भीती होऊन राहिलं.

गेल्या महिन्यात मॅडम गेल्या. सांगलीत फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी करताना गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घ्यायला मला त्यांनीच शिकवलं. नळी बारीक, आतलं काही दिसत नाही, सगळं बोटांच्या अंदाजावर. जास्त आत गेली तर? मॅडम आधी थर्मासमधलं कोमट पाणी योनिमार्ग उघडायच्या अवजारावर ओतायच्या, गार लोखंड बाईला लागू नये म्हणून. माझ्या पहिल्या पेशंट विट्याच्या मावशी, आईच्याच वयाच्या, कंबर दुखतीया एवढंच सांगत आलेल्या; लाल जातंय हे खोदून विचारल्यावर कळलं. टेबलावरून त्यांनी विचारलं, "आवं, त्यात च्या हाय व्हय?"

"तपासणी झाल्यावर पाजते," मॅडम म्हणाल्या.

नळी उचलली आणि माझा हात पुढं जाईना. "मॅडम, भीती वाटते," मी पुटपुटले. मावशींनी ऐकलंच. "भिऊ नगं, लेकी. मी बी लय भ्यालीया."

"वाटू दे भीती," मॅडम म्हणाल्या. "त्यांच्या पायाच्या अंगठ्याकडं लक्ष ठेव. बायका तोंडानं दुखतंय म्हणत नाहीत. अंगठा वळला की थांबायचं."

अंगठा वळला, मी थांबले. पुन्हा वळला, पुन्हा थांबले... नमुना मिळाला. रिपोर्ट आला. रोग निघाला, पण वेळेत. ऑपरेशन झालं. मावशी अजून फोन करून म्हणतात, "च्या ऱ्हायला की गं."

मॅडमांच्या छातीत कित्येक दिवस कळा येत होत्या, हे त्यांच्या मुलानं मला नंतर सांगितलं. कुणाला बोलल्या नाहीत. आमच्यातल्या कुणी त्यांच्या अंगठ्याकडं पाहिलं नाही. असंच पुन्हा कुणाचं बघायचं राहून जाईल, याची मला आता सगळ्यात जास्त भीती वाटते.

मुलानं तो थर्मास मला दिला. झाकणाला पोचा आलाय, पाणी मात्र दुपारपर्यंत कोमट राहतं. शिराळ्यातल्या माझ्या दवाखान्यात तो टेबलाशेजारी असतो. नळी उचलताना हात आजही क्षणभर अडतो, मग मी अंगठ्याकडं बघते. आमच्या भागातल्या बाईला या तपासणीसाठी आता सांगलीला जावं लागत नाही.