रैनूबाबांच्या डोक्यातली हद्द

गावाला आपल्या जंगलावरचा हक्क कागदावर हवा होता, म्हणून सगळी हद्द पायी चालून मोजायची होती. पुढे काठी टेकत रैनूबाबा, गावातले सगळ्यांत म्हातारे. त्यांच्यामागे यंत्र घेतलेले मोजणीचे साहेब आणि मग सगळं गाव. मी नुसता बघायला गेलो होतो.

दोन नाल्यांपाशी बाबा थांबले. दोन्ही सारखेच दिसत होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, पण काठी काही उचलली नाही. त्या दोन नाल्यांच्या मधे गावाची मोहाची सगळी झाडं होती; चुकीचा नाला धरला तर ती हद्दीबाहेर जाणार होती. माझ्या घराची हद्द कुठल्याशा कचेरीत लिहून ठेवलेली आहे. मी ती विसरून खुशाल झोपतो. इथे अख्खं जंगल एका म्हाताऱ्याच्या डोक्यात होतं आणि ते डोकं वयानं लटपटत होतं.

मग बाबांनी डावीकडच्या नाल्याशी जाऊन चपला काढल्या. शिवेच्या देवापाशी पायात काही ठेवत नाहीत. पाचोळा सारला तर खाली दगड होता.

"लिवलं का, साहेब?"

"लिहिलं, बाबा."

बाबा तिथेच बसले. "रोज सकाळी मनातल्या मनात ही हद्द फिरत होतो," ते म्हणाले. "चुकन म्हणून भेव लागे. आता भुललो तरी चालते."

साहेबांनी यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अजून निम्मी हद्द चालायची राहिली होती, आणि ती बाबांच्याच डोक्यात होती.